हवेशी कुस्ती

जगात काही प्रश्न असे असतात की ते सुटू नयेत, अशीच सगळ्यांची मनोमन इच्छा असते. साताऱ्याचे कंदी पेढे श्रेष्ठ की सांगलीचे भडंग श्रेष्ठ, हा त्यांतला एक. कृष्णा साताऱ्याची की सांगलीची, हा दुसरा. (उगम त्यांच्याकडे, पूर आमच्याकडे, असे सांगलीकरांचे म्हणणे.) आणि तिसरा, जो आमच्या बँकेत दुपारी डबे उघडले की झाकणांबरोबरच उघडतो, तो म्हणजे : मारामारीचा सर्वांत भारी प्रकार कुठला?

या प्रश्नावर आमच्या शाखेत चार पक्ष आहेत. कॅशियरसाहेब कराटेवाले. त्यांचा मुलगा नुकताच पिवळ्या पट्ट्यावरून नारिंगी पट्ट्यावर गेला आहे आणि त्या बढतीचा आनंद त्यांना स्वतःच्या बढतीपेक्षा जास्त झाला आहे. कर्जविभाग बॉक्सिंगवाला, दिवसभर थकबाकीदारांशी गोड बोलावे लागल्यामुळे त्यांना ठोशाचे आकर्षण असणे साहजिक आहे. आमचे शिपाईमामा तासगावकडचे, म्हणजे जन्माने कुस्तीवाले. हेडक्लार्क मात्र कुठल्याच पक्षात नाहीत. त्यांच्या मते सर्वांत भारी डाव म्हणजे बदलीचा. एका कागदात माणूस गडहिंग्लजवरून गडचिरोलीला जाऊन पडतो आणि अंगाला हातसुद्धा लावावा लागत नाही.

अस्मादिक पडले बी. कॉम. आमच्या अंगकाठीकडे पाहून या विषयावर आमचे मत कुणी विचारत नाही. पण वीस वर्षे खतावण्या जुळवल्यावर माणसाला एक दृष्टी येते, आणि त्या दृष्टीला या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ दिसते. ते आज सांगून टाकतो. कुणाला राग आला तर त्याने काउंटरवर यावे. मध्ये काच आहे.

द्विनोंदी पद्धतीचा पहिला नियम असा, की प्रत्येक नावेला एक जमा असते. एकाने दिले तर दुसऱ्याने घेतले पाहिजे. दुसरी नोंदच नसेल तर ते हिशेब नव्हेत. ती नुसती आकडेमोड. आता हाच नियम मारामारीला लावा. आमच्या कॉलनीतल्या गच्चीवर रोज संध्याकाळी चाळीस मुले रांगेत उभी राहून ‘हू!’ असे ओरडत चाळीस लाथा मारतात. या लाथा जातात कुठे? हवेत. घेणारा कोण? कुणी नाही. म्हणजे चाळीस नोंदी नावे, जमेला शून्य. असा ताळेबंद आम्ही वरच्या ऑफिसला पाठवला असता, तर दुसऱ्या दिवशी जीप भरून ऑडिटर आले असते.

उलट तालमीत जा. तिथे एकजण पट काढायला बघतो आणि दुसरा तो काढू देत नाही. एकाने ढाक लावली तर ती दुसऱ्यालाच बसते, आणि नाही बसली तर लावणाराच खाली येतो. रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी हिशेब जुळतो. कोण वर, कोण खाली, पाठीला माती कुणाच्या. खोटी नोंद करायला वावच नाही.

तेव्हा आमचे उत्तर असे : ज्या विद्येत समोरचा माणूस पडायला तयार नसतो आणि तरी त्याला रोज पाडावे लागते, ती विद्या भारी. बाकी सगळी हवेशी कुस्ती.

यावर कॅशियरसाहेब म्हणाले, “अहो, पण कराटेतले खरे डाव फार जीवघेणे असतात. ते क्लासात करून दाखवता येत नाहीत.”

हाच तर मुद्दा आहे! जो डाव करून बघता येत नाही, तो येतो की नाही हे कळणार कसे? हे आम्ही पदरचे बोलत नाही. जपानात कानो जिगोरो नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांनी १८८२ साली ज्युदो काढला. जुन्या जुजुत्सूमध्ये डोळे फोडण्यापासून सगळे प्रकार होते. कानोंनी काय केले, तर नेहमीच्या सरावातून धोक्याचे डाव बाजूला काढले आणि उरलेले शिष्यांना पूर्ण ताकदीनिशी एकमेकांवर रोज करायला लावले. वरवर पाहता विद्या मवाळ झाली. प्रत्यक्षात तिला धार आली. कारण वर्षातून एकदाही न वापरलेल्या तलवारीपेक्षा रोज वापरातली विळी जास्त कापते, हे कुठलीही गृहिणी सांगेल.

याच ज्युदोतला माएदा नावाचा एक गडी १९१४ साली ब्राझीलला गेला. तिथे ग्रेसी नावाच्या कुटुंबाने त्याची विद्या उचलली आणि तिला आपले वळण दिले. पुढे १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एक विलक्षण मैदान भरले. आठ गडी, प्रत्येकाची विद्या निराळी, नियम जवळजवळ नाहीतच. एक बॉक्सर तर एकाच हाताला ग्लोव्ह घालून उतरला. दुसऱ्या हाताने नमस्कार करायचा विचार असावा. या सगळ्यांत ग्रेसी कुटुंबातला रॉयस नावाचा पोरगा दिसायला आमच्या क्लिअरिंग विभागात शोभेल असा. त्याने एका रात्रीत तिघांना शरण आणले. ठोसा नाही, लाथेचा थाट नाही. धरायचा, जमिनीवर न्यायचा, आवळायचा. जगभरच्या पट्टेवाल्यांचा त्या रात्री जो काही ताळेबंद निघाला, तो अजून पुरता जुळलेला नाही.

शिपाईमामांनी हे ऐकून मिशीवर हात फिरवला. “आवो सायेब, धरून खाली आनायचं म्हंजी कुस्तीच की वो!” मामांचे खरे आहे, पण पुरते खरे नाही, आणि विषय निघालाच आहे तर कुस्तीवाल्यांच्या वहीतली खोडाखोडही दाखवली पाहिजे. आपली कुस्ती पाठ टेकली की संपते. ग्रेसी मंडळींचे काम तिथूनच सुरू होते. १९७६ च्या डिसेंबरात कराचीला जपानच्या इनोकीने अक्रम पैलवानाचा हात पिरगाळून मोडला. अक्रम काही ऐरागैरा नव्हे, थोरल्या गामाचा पुतण्या. पण हात आवळून शरण आणणे हे ज्या हिशेबात बसतच नव्हते, त्याची तजवीज त्याच्याकडे नव्हती. आणि हाच इनोकी त्याच वर्षी जूनमध्ये टोकियोला मुहम्मद अलीसमोर पंधरा राउंड बहुतेक वेळ उताणा पडून लाथा मारत बसला होता. अलीचे पाय सुजले, लढत बरोबरीत सुटली आणि पैसे देऊन आलेल्या लोकांनी दोघांनाही शिव्या घातल्या. तात्पर्य, विद्या कितीही मोठी असली तरी नियमावली तिच्यापेक्षा मोठी असते. हे बँकेतल्या माणसाला निराळे सांगायला नको.

मात्र अक्रमला जे जमले नाही, ते आमच्या कृष्णाकाठच्या पैलवानांनी करून दाखवले आहे. नवे नियम, नवी जमीन, पण जुनी झोंबी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले. आयुष्य मातीत गेलेले, तिकडे गादी. सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि ५७ किलो गटात कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आता गंमत बघा. त्या गटात सुवर्ण घेणारा जपानचा इशी हा मुळात ज्युदोवाला. युद्धानंतर जपानात ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीत शिरला. म्हणजे एका बाजूला कानोंची शाळा, दुसऱ्या बाजूला गोळेश्वरची माती, आणि दोघेही एकाच पदकमंचावर! हवेत लाथ मारून त्या मंचावर कुणी चढलेले नाही.

मग १९६२ चे जाकार्ता. आशियाई खेळांत शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपत आंदळकर आणि सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने. आंदळकरांना ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण, फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. मान्यांना फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. ग्रीको-रोमन म्हणजे कमरेखाली हात लावायचा नाही, ज्यात पट काढणे हा गुन्हा. ज्या माणसाचा पिंडच पटावर पोसला, त्याला हा नियम म्हणजे आम्हाला वजाबाकी न वापरता हिशेब लिहायला सांगण्यासारखे. तरी पदके आली. का? तर समोर जिवंत माणूस आहे, तो पडायला तयार नाही, आणि त्याला पाडायचे आहे, एवढे एक काम हाडांत मुरलेले होते. नियम महिन्या-दोन महिन्यांत शिकता येतात. ते मुरणे शिकता येत नाही.

इतका उघड हिशेब असताना आपण काय करतो? आपण म्हणजे तुम्ही-आम्ही. ज्यांच्या घरात फ्रिज आहे, गृहकर्ज आहे आणि एक मूल आहे असे आपण. आपण तालमीवरून जाताना रस्ता बदलतो. “पैलवानाची अक्कल गुडघ्यात” ही म्हण आपण अशा आत्मविश्वासाने वापरतो, जणू आपली कुठे आहे हे कुणी तपासून पाहिलेच आहे. पोराला तालमीत घालायचे म्हटले की आईला त्याचे कान दिसतात, बापाला दहावीचे टक्के दिसतात आणि आजीला बदामाचा भाव दिसतो. (तिघांचेही थोडे खरे आहे. कान मोडतात, गुडघे दुखतात आणि खुराक पगाराला चीत करतो. पण महिना-दोन महिने झोंबायला येणाऱ्या पोराला ताक-भाकरी पुष्कळ झाली. शेरभर दूध आणि बदामाची थंडाई हा महाराष्ट्र केसरीचा खर्च झाला.) मग आपण त्याला गच्चीवरच्या क्लासात घालतो. तिथे गणवेश पांढरा शुभ्र असतो, तो घरी येईपर्यंत पांढराच राहतो, आणि तीन महिन्यांनी परीक्षा फी भरली की पट्ट्याचा रंग बदलतो. फी भरूनही पट्टा मिळाला नाही, असा विद्यार्थी आमच्या तरी पाहण्यात नाही. आमच्याकडे मुदतठेवीवरसुद्धा इतका खात्रीचा परतावा देत नाहीत.

आणि स्नेहसंमेलनात कौले फोडतात! पाच कौले एकावर एक, मग आरोळी, मग टाळ्या. आम्ही कोकणातल्या कौलारू घरात वाढलेलो. कौलाने आजवर कुणाचा पट काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

एक खुलासा करतो, नाहीतर उद्या क्लासवाले मोर्चा घेऊन येतील. कराटे ही विद्या खोटी नव्हे. ओकिनावा बेटावरची ती जुनी विद्या. फुनाकोशी नावाच्या एका शाळामास्तरांनी १९२२ साली ती टोकियोला नेली. एकमेकांना खरेखुरे ठोसे देऊन-घेऊन शिकवणारे कराटेवालेही आहेत. त्यांच्याशी आमचे भांडण नाही, आणि ते आम्हाला परवडणारही नाही. आमचे भांडण आहे ते ठोसा वगळून पट्टा विकण्याशी. ब्रूस ली १९७३ साली वारला, त्याच वर्षी त्याचा ‘एन्टर द ड्रॅगन’ आला आणि मग गल्लोगल्ली कराटेचे फलक लागले. वास्तविक त्याने लहानपणी हाँगकाँगला शिकलेली विद्या विंग चुन. पुढे त्याने स्वतःचीच एक पद्धत काढली. म्हणजे जो माणूस मुळात कराटेवाला नव्हता, त्याच्या नावावर ही सगळी खाती उघडली गेली. अशा खात्यांना आमच्यात काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

यात खरे नुकसान कुणाचे, तर मुलींचे. हल्ली शाळा-कॉलेजांतून रविवारी दोन तासांचे स्वसंरक्षण शिबिर असते. मनगट असे सोडवायचे, अंगठा तसा खुपसायचा, टाच अशी मारायची. मैत्रीणच मनगट धरते, आणि मैत्रीणच हसत सोडून देते. चहा-बिस्किटे होतात, समूहछायाचित्र निघते, मुलगी घरी येते; आईबाप समजतात, झाली पोर झाशीची राणी. वाचकहो, इथे मला विनोद सुचत नाही. ज्या दिवशी खरोखर कुणी मनगट धरील, तो सोडणारा नसेल. आणि पहिल्यांदा कुणी मनापासून धरले की माणूस गोठतो, डाव आठवत नाहीत. ती गोठण्याची सवय मोडायला दोन तास पुरत नाहीत. ती मोडते हजार वेळा धरले गेल्यावर. हजार वेळा कुणी कमरेला मिठी घालावी, मान दाबावी, खाली ओढावे, आणि हजार वेळा आपण त्यातून निघावे किंवा न निघावे. तालमीतल्या पोरीला कुणी धरले तर तिला आश्चर्य वाटत नाही, एवढीच काय ती तालमीची विद्या. पण ती लाखमोलाची आहे.

आणि ही विद्या मुलींना पेलत नाही, असे म्हणायची आता सोय राहिलेली नाही. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ च्या मार्चमध्ये झाली, ती आमच्या सांगलीत. आणि गदा जिंकली तीही सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने. हळदीच्या पेठेत पुन्हा एकदा हळद लागली, पण ती आखाड्याच्या मातीतली.

“पण समजा, समोर चौघे आले? हातात चाकू असला?” कर्जविभागाचा हा हुकमी प्रश्न. तर तेव्हा कुठलीच विद्या चालत नाही, पळता आले तर पळावे. डांबरी रस्त्यावर चौघांपुढे एकाला खाली घेऊन बसणे हा शहाणपणा नव्हे, हे आम्हीही जाणतो. पण पळायला लागतो दम, आणि दम हवेतल्या लाथांनी येतो की पाचशे बैठकांनी, याचा निकाल ज्याचा त्याने लावावा. शिवाय आपल्या जिल्ह्यातलाच दाखला आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली महाराज गेले, ते ‘माझा डाव भारी’ म्हणत गेले नाहीत. अंगात चिलखत, डोक्याला शिरस्त्राण, जावळीच्या रानात फौज, आणि शेजारी जिवा महाला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ या एका म्हणीत स्वसंरक्षणाचे सगळे शास्त्र आहे : तयारी करा, आणि सोबतीला भरवशाचा माणूस ठेवा. २०२४ साली लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याला आली, तेव्हा ती बघायला झुंबड उडाली. ती तीच का, हे त्या संग्रहालयालाही खात्रीने सांगता येत नाही. पण मनगट कुठले होते आणि ते कसे घडले, याविषयी शंका नाही. ते मात्र पाहायला आपण जात नाही.

मनगटाची किंमत आपण कशी करतो, याचा हिशेब खाशाबांच्या खात्यावर लिहिलेला आहे. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. हा प्रस्ताव आमच्या कर्जविभागाकडे आला असता तर? अर्जदार विद्यार्थी, उत्पन्न नाही, तारण दुसऱ्याचे, कर्जाचे प्रयोजन ‘फिनलंडला जाऊन कुस्ती’. नामंजूर! प्राचार्यांनी मंजूर केला. पदक आले, कऱ्हाडला १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि खाशाबांनी काय केले? पुन्हा कुस्त्या लढून पैसे मिळवले आणि सरांचे घर सोडवले. थकबाकी शून्य. इतका चोख कर्जदार आम्ही वीस वर्षांत पाहिलेला नाही. आपली बाजू मात्र थकीतच राहिली. १९५५ साली ते पोलिसात फौजदार झाले, १९८४ साली अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला २००० सालचा. नंतरचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक देशाला मिळाले १९९६ साली, म्हणजे ४४ वर्षांनी. या ४४ वर्षांत मिरवणुकीच्या बैलगाड्या होत्या, टाळ्या होत्या. घर गहाण टाकणारा मात्र दुसरा निघाला नाही.

आम्ही कुणाला घर गहाण टाका म्हणत नाही. (व्याजाचे दर बघता म्हणवतही नाही.) आमची मागणी तीस दिवसांची आहे. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगा असो वा मुलगी, महिनाभर जवळच्या तालमीत पाठवा. सांगली-साताऱ्यात शोधायला फार लांब जावे लागणार नाही. वस्ताद दिसायला उग्र असतात, पण पोराच्या पाठीवर त्यांच्याइतका मायेने हात ठेवणारा माणूस कुठल्याही वातानुकूलित क्लासात मिळायचा नाही. फार तर महिन्याने पोरगे परत येईल आणि म्हणेल, मला नाही आवडले. चालेल. पण तोवर ते दोन-तीनशे वेळा पडलेले असेल आणि प्रत्येक वेळी उठलेले असेल. हा धडा आमच्या बी. कॉम. च्या कुठल्याही पुस्तकात नव्हता.

हे सगळे ऐकून घेऊन, डबा धुऊन, कॅशियरसाहेबांनी शेवटचा प्रश्न टाकला. “ते सगळं ठीक आहे हो. पण तालमीत सर्टिफिकेट देतात का?”

उत्तर मामांनी दिले. “देत्यात की सायेब. रोजच्या रोज देत्यात, पाठीवर. लाल मातीचं असतंया. घरी आल्यावर आई धुऊन टाकती, म्हनून दुसऱ्या दिशी नवं घ्याया जावं लागतं.”